विजयमाला हलली नव्हती

पारनेरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एक बाई बसते. कुणी "गाडी कधी हाय?" असं विचारलं की ती आधी डोळे वटारते आणि मग गाडी सांगते. ही विजयमाला. नवखा माणूस बिचकून मागं सरतो. जुन्यांना ठाऊक आहे की तिचा राग त्यांच्यावर नाही, त्या खिडकीवर आहे. धडधाकट कंडक्टर बाईला उचलून लाकडी खुर्चीत बसवणं म्हणजे काय, ते ज्यानं जन्मात डबल बेल मारली नाही त्याला कळायचं नाही.

आणि कंडक्टर तरी कशी! पारनेर-नगर, भाळवणीमार्गे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, गाड्यांच्या पाट्या बदलल्या, पण दारात उभं राहून "नगर नगर नगर" करायची तिच्या तोंडाची सवय काही बदलली नाही. बाजाराच्या दिवशी गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची. पाट्या, पिशव्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कॉलेजची पोरं, आणि या सगळ्यांमधून ही बाई वरच्या दांडीला हात न लावता पुढून मागं, मागून पुढं. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसरा हात सुट्ट्यांच्या पिशवीत. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की अख्खी गाडी एकमेकांच्या अंगावर जायची, विजयमाला होती तिथंच. एकदा एका पिऊन आलेल्यानं धक्क्याचं निमित्त करून तिच्या खांद्यावर हात टाकला, तर तिनं त्याची कॉलर धरली, बेल ओढली आणि त्याला तसाच फाट्यावर उतरवला. तो खाली पडला. ही फूटबोर्डवर उभी राहून म्हणाली, "ह्याला म्हनत्यात तोल जाणं. आता कळलं का?"

तर अशा बाईला लोक म्हणू लागले की ती हलली. टेबलावर हलली, म्हणून ऑपरेशन फसलं. तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार?

झालं होतं ते असं. पन्नाशी ओलांडली आणि तिच्या छातीत काहीतरी बिघडलं. उभ्या उभ्या धडधड सुरू व्हायची, ठोके मागंपुढं, कशाला ताल म्हणून नाही. डोळ्यापुढं काजवे, हातापायातला जीव गेल्यागत. पहिल्यांदा तिनं ते पित्तावर ढकललं, मग चहावर, मग नवऱ्यावर. शेवटी भर गाडीत मशीन हातातून पडलं तेव्हा तिला नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर शेवाळे तरुण, हुशार, बोलायला भरभर. त्यांनी सांगितलं, हा एएफ, ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार. हृदयाच्या वरच्या कप्प्यात फुप्फुसांकडून ज्या शिरा येतात, त्यांच्या तोंडाशी भलतेच इशारे सुटतात आणि हृदय पिसाटतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत न्यायची, तिला कॅथेटर म्हणतात. तिच्या टोकानं त्या तोंडांभोवती गोल डाग द्यायचा, म्हणजे इशारा बाहेर पडत नाही.

"आमच्याकडं बैलाला डागत्यात तसं?" विजयमालानं विचारलं होतं.

"तसंच म्हणा," डॉक्टर हसले होते. "झोपेचं थोडं औषध देऊ, पूर्ण भूल नाही. तुम्ही फक्त शांत पडून राहायचं."

ऑपरेशन झालं. दोन-तीन महिने बरे गेले. तिनं पुन्हा गाडी घेतली, पुन्हा आरडाओरडा केला, घरी येऊन भाकरी थापता थापता गाणंसुद्धा म्हटलं. आणि मग एक दिवस जिन्यावर परत तीच धडधड. परत तेच काजवे. पुन्हा नगर, पुन्हा ईसीजीच्या पट्ट्या, पुन्हा छातीवर चिकटवलेल्या वायरी.

तपासण्या बघून डॉक्टर शेवाळ्यांनी मान हलवली. "डाग सलग बसलेला नाही. नळीचं टोक हृदयाच्या भिंतीला एकसारखं टेकून राहावं लागतं, तरच डाग पक्का होतो. यांच्या वेळी ते टेकायचं, सरकायचं, परत टेकायचं. मधे मधे फटी राहिल्या. पेशंट स्थिर नसला की असं होतं."

तिचा नवरा कानिफनाथ शेजारीच बसला होता. स्टँडला लागून त्याची रसवंती आहे. माणूस वाईट नाही, पण घुंगराच्या यंत्राशेजारी जन्म गेल्यानं तोंड गप्प राहत नाही. त्यानं लगेच विचारलं, "म्हंजी ही हलली का?"

"हालचाल होत होती," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे परत करूनही तेच होणार. मला वाटतं आपण गोळ्यांवरच राहू."

झालं! एवढ्या दोन वाक्यांत बाईचा निकाल लागला. गोळ्या म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, ठोके आवरायची गोळी. रक्त पातळ असलेल्या, कधीही भोवळ येईल अशा बाईला डेपो गाडीवर पाठवत नाही. डेपो मॅनेजरनं तिला चौकशीची खिडकी दिली आणि वर तोंड करून म्हणाला, "आरामाचं काम हाय." आराम! तिनं आराम मागितला होता कुणाकडं?

आणि इकडं कानिफनाथ. रसाचा ग्लास पुढं करता करता ज्याला त्याला सांगायचा, "ऑपरेशन एक नंबर झालं हुतं हो. पन हिला कुठं गप पडवतंय? हलली. डॉक्टर स्वतः म्हनला." गिऱ्हाईक बर्फ चावत मान डोलवायचं. ड्रायव्हर लोक खिडकीपाशी येऊन चेष्टा करायचे, "काय बाई, तिथंबी तिकिटं फाडीत हुता का?" सगळे हसायचे. विजयमाला हसायची नाही. तिचं पित्त खवळायचं. घरी गेल्यावर ती भांडी अशी आपटायची की शेजारची लंकाबाई भिंतीपलीकडून विचारायची, "काय गं, कुनाला धुतीस?"

"मी हलले न्हाई," ती नवऱ्याला सांगायची. "शप्पत घेऊन सांगते, बोटसुदिक हलवलं न्हाई मी."

"अगं, औषधाच्या गुंगीत तुला काय कळतंय? डॉक्टर काय खोटं बोलंल?"

इथंच तिची बोलती बंद व्हायची. कारण गुंगीत होती हे खरं. डॉक्टरनं यंत्रावर बघितलं हेही खरं. मग आपण खरंच हललो का? तिच्या स्वतःच्याच मनात हा किडा वळवळायला लागला, आणि तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. लोकांनी खापर फोडलं ते फोडलं, आता आपणही आपल्या डोक्यावर फोडायला निघालो! धडधड रोज थोडी थोडी वाढत होती. डॉक्टर हात लावायला तयार नव्हता. आणि का, तर ही बाई हलते म्हणून.

मग एक दिवस छबूबाई आली.

छबूबाई जवळ्याची म्हातारी, नातीकडं निघालेली. खिडकीशी तोंड लावून तिनं विचारलं, "टाकळीची गाडी लागली का गं?" विजयमालानं सांगितलं, येईल. थोड्या वेळानं परत, "लागली का?" परत सांगितलं. म्हातारी काठी टेकीत फलाटापर्यंत जाऊन आली, परत खिडकीत. विजयमालाचा पारा चढला. "अगं म्हातारे, दम धर की जरा! गाडी काय मी पदरात लपवलीय?"

म्हातारीनं बोळकं पसरलं. "दमा हाय मला, बाई. दम धरला तर इथंच आडवी व्हईन, मंग गाडीत कोन घालील?"

मागचे लोक खो खो हसले. म्हातारीला आपल्याच विनोदानं खोकल्याची उबळ आली. विजयमालानं मात्र हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

दम धरा.

तिला सगळं आठवलं. ती गार खोली, अंगावरची हिरवी चादर, तोंडं बांधलेली माणसं, पायाकडून येणारा डॉक्टरांचा आवाज. सुरुवातीला छातीचा फोटो काढताना आवाज आला होता, "दम धरा, श्वास रोखा." तिनं रोखला. "सोडा." सोडला. मग औषध दिलं, डोकं जड झालं. नंतर केव्हातरी छातीत आतून चटका बसला, असा की ती कण्हली. तेव्हा कानाशी एक मऊ आवाज आला, "दम धरा ताई, थोडंच राहिलंय." आणि तिनं दम धरला. अक्षरशः धरला! छाती फुगवून, दात आवळून, श्वास आतल्या आत कोंडून. बोट हलवलं नाही, पापणी हलवली नाही. शेवटी जीव गुदमरला तेव्हा हुंदका फुटावा तसा श्वास धाडकन सुटला. "हलू नका!" पायाकडून डॉक्टरांची ओरड आली. ती घाबरली. पुन्हा चटका, पुन्हा तो मऊ आवाज, "दम धरा हं." हिनं मागच्यापेक्षा जोरात धरला. असं किती वेळ चाललं, देव जाणे.

फोटोवाला सांगतो दम धरा, म्हणजे श्वास कोंडा. स्टँडवर आपण सांगतो दम धरा, म्हणजे थांबा, घाई करू नका. सारा दिवस हाच शब्द तिच्या तोंडात. आणि त्या टेबलावर, गुंगीत, शिकवल्यासारखा तिनं त्याचा नको तो अर्थ घेतला.

खिडकी लोटून ती उठली. "टाकळी फलाट दोनला लागंल," असं म्हातारीला सांगितलं आणि सरळ रसवंतीत गेली. कानिफनाथ कुणाला तरी ऑपरेशनचीच गोष्ट सांगत होता.

"बंद करा ते यंत्र. नगरला चला," ती म्हणाली.

"आत्ता? अगं गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाइकाला सांगा, बायको हलली."

गिऱ्हाइकानं ग्लास ठेवला आणि तो हळूच सटकला.

हॉस्पिटलात त्यांचा नंबर नव्हता. बाहेरच्या मुलीनं सांगितलं, अपॉइंटमेंट नाही तर डॉक्टर भेटणार नाहीत. विजयमाला टेबलावर दोन्ही हात ठेवून वाकली आणि अशा आवाजात "डॉक्टरांना बोलवा" म्हणाली, की बाकड्यावरचे पेशंट सरसावून बसले. हा आवाज भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जायचा. केबिनचं दार आतूनच उघडलं.

आत डॉक्टर शेवाळे होते आणि कोपऱ्यात फायली लावणारी सिस्टर रेश्मा. रेश्मा श्रीरामपूरची, विशीतली, ऑपरेशनच्या दिवशी हिच्या उशाशी उभी होती. विजयमालाला ती आवडली होती. गार पडलेला हात तिनं मधूनमधून चोळून दिला होता. आणि तिला बघताक्षणी विजयमालाला कळलं की तो मऊ आवाज हिचाच.

"मी हलले न्हवते, डॉक्टर," ती उभ्यानंच म्हणाली. "तुमी माझ्या नवऱ्याला सांगितलं मी हलले. त्यानं गावाला सांगितलं. मी श्वास कोंडीत हुते. जीव जाईस्तोवर कोंडायचे आन मंग सुटायचा. तुमी वरडायचा, हलू नका. मी आनखी कोंडायचे."

"श्वास कोंडत होता? कशासाठी?"

"मला सांगितलं हुतं दम धरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणालं असं?"

रेश्माच्या हातातली फाईल तिथल्या तिथं थांबली. विजयमालानं तिच्याकडं बघितलं. इतके महिने तिला कुणाची तरी गचांडी धरायची होती. ज्याच्यामुळं गाडी गेली, ज्याच्यामुळं स्टँडवर हसं झालं, तो माणूस सापडला तर त्याची काय गत करायची हे तिनं भांडी घासता घासता शंभरदा ठरवलं होतं. आणि तो माणूस निघाला ही. हात चोळणारी! रागानं तिला रडू यायला लागलं.

"सगळ्यांची तोंडं बांधलेली हुती," ती म्हणाली. "मला काय ठावं कोन म्हनलं."

"मी म्हणाले, सर," रेश्मा बोलली. "ताई कण्हत होत्या. धीर द्यावा म्हणून म्हणाले. मला वाटलं त्यांना समजेल, थोडं सोसा, असं. त्यांनी श्वास धरला हे माझ्या लक्षातच आलं नाही."

डॉक्टरांनी आपला तळहात छातीवर ठेवून एक श्वास घेतला. मग म्हणाले, "छाती जशी वरखाली होते तसं हृदयही सरकतं. श्वास संथ असेल तर नळीचं टोक भिंतीवर बसून राहतं. यांनी श्वास कोंडून एकदम सोडला की टोक निसटत असणार. मला पडद्यावर फक्त टोक निसटलेलं दिसत होतं. मी समजलो, पेशंट हलतोय."

"विचारलं का न्हाई मला?"

डॉक्टरांनी खाली ठेवलेलं पेन उगाच सरळ केलं.

"नंतर तरी विचारायचं. एकदा. बाई, तुमी काय करीत हुता? तोंड हुतं ना मला? मांडीतून नळी घालून काळजापतुर गेलात, अन तोंडातून एक शब्द काढून घेता आला न्हाई?"

"चूक झाली," डॉक्टर म्हणाले. त्यांचं ते भरभर बोलणं थांबलं होतं.

"मला नगा सांगू. त्यांना सांगा." तिनं कानिफनाथकडं बोट केलं. "हलली म्हनून त्यांच्यापाशी बोलला हुतात ना? तर मी हलले न्हाई, हेबी त्यांच्याचपाशी बोला."

डॉक्टर कानिफनाथकडं वळले. "त्या हलल्या नव्हत्या. मी चुकीचं सांगितलं."

कानिफनाथनं मान खाली घालून पायातल्या चपलेकडं बघितलं. मग म्हणाला, "पन येडे, श्वास तरी कशाला कोंडायचा येवढा? मला न्हाई कोंडता आला असता."

घ्या! हलली नाही म्हणून सुटली, तर आता कोंडला म्हणून सापडली. विजयमालानं त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. डॉक्टरांनाच विचारलं, "परत करता येतंय का न्हाई, ते बोला."

"येतं. पूर्ण भूल देऊन करू. तेव्हा श्वास मशीन देतं, एका लयीत, तुम्हाला काही धरावं सोडावं लागत नाही. टोक जास्त स्थिर बसतं. शंभर टक्के खात्री मी देणार नाही, पण पहिल्यापेक्षा आशा नक्की जास्त."

"मंग पयल्यांदाच पूर्ण भूल का न्हाई दिली?"

"आपल्याकडे सरसकट देत नाही. भूलतज्ज्ञ वेगळे बोलवावे लागतात, त्यांची वेळ मिळावी लागते, म्हणून..." डॉक्टरांचं त्यांनाच पटेना. वाक्य अर्धंच राहिलं. "दिवाळी होऊ द्या. मग बघू तारखेचं."

कानिफनाथचा चेहरा उजळला. संकट टळलं असं त्याला वाटलं असणार. उठून त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनापासून, प्रेमानं म्हणाला, "झालं तर मग. डॉक्टर करू म्हनत्यात ना? आता जरा दम धर."

रेश्मानं चमकून वर बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. आपण काय बोललो ते कानिफनाथला सगळ्यात शेवटी कळलं, आणि त्याचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला.

विजयमाला ओरडली नाही. आवाज एवढा खाली गेला की डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं. "कंडक्टरचा कॉल आला तवा तुमची आई म्हनली, लगीन नवं हाय, दम धर. पोरगी झाल्यावर घराजवळची ड्यूटी मागितली, मॅनेजर म्हनला दम धरा. छातीत धडधडाय लागलं तवा तुमीच म्हनला, रसाचा सीझन हाय, उन्हाळा जाऊ दे, दम धर. तुमी इचारताय कशाला कोंडला येवढा? दम धर म्हनलं की धरायचा, दुसरं काय शिकवलं मला कुनी? डोळ्यापुढं अंधार आला तरी धरला. मरायला टेकले असते तरी धरलाच असता."

कानिफनाथ दोन पावलं मागं सरला.

तिनं डॉक्टरांच्या समोरची खुर्ची ओढली आणि तीत बसली. बाहेर नंबर लावलेले पेशंट कुरकुरत होते, दारावर कुणीतरी टकटक केली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"तारीख द्या," ती म्हणाली. "ती घेतल्याबिगर मी इथून हलायची न्हाई."

डॉक्टर शेवाळ्यांनी फोन उचलला आणि भूलतज्ज्ञाचा नंबर लावला.